मोठ्या बॅटरीने वीज वाढत नाही

गेल्या जुलैत माझा भाचा बाइकवरून गोव्याहून चोर्ला घाटातून बेळगावला परत येत होता. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा दिसेना. नवीनच बसवलेले दोन्ही फॉग लाइट त्याने लावले, हँडलवर मोबाईल चार्जिंगला होताच, आणि ट्रकांच्या रांगेमागे थांबत थांबत तो घाट चढला. कणकुंबीजवळ आधी मीटरचे आकडे अंधुक झाले, मग इंजिनच बंद पडलं. स्टार्टरचं बटण दाबलं की नुसती टकटक. गाडी २०२१ची, तिला किक नाही. ढकलूनही चालू होईना, कारण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या पंपालाही वीज लागते. टेम्पोत घालून गाडी आणली तेव्हा गॅरेजमधलं निदान एका वाक्यात झालं: "बॅटरी लहान आहे ओ, मोठी घालूया की."

हे वाक्य खानापूर रोडपासून निपाणीपर्यंत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर लिहायलाच हवं.

बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. वीज तयार होते इंजिनाच्या झाकणाआड, ज्याला सगळे मेकॅनिक 'मॅग्नेट' म्हणतात तिथे. तारेच्या गुंडाळीजवळून चुंबक फिरला की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. आपल्या गाडीत क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला भांड्यासारखं एक चाक असतं, त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि मध्ये तांब्याच्या गुंडाळ्या स्थिर असतात. चाक जितकं जोरात फिरेल तितका दाब जास्त. मोकळ्या गुंडाळीवर मोजला तर वेगात तो पन्नास व्होल्टच्याही वर जातो. बॅटरीला तर १४ ते साडेचौदाच हवेत. कारच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे तिच्या वीज बनवणाऱ्या यंत्रात, विद्युतचुंबक असतो, त्याला दिलेला प्रवाह कमी केला की चुंबकत्व उतरतं. बाइकचा चुंबक कायमचा, तो कमी करता येत नाही.

मग बऱ्याच गाड्यांतला रेग्युलेटर, म्हणजे दाब आवरणारा भाग, एक धाडसी गोष्ट करतो. दाब मर्यादेवर गेला की तो गुंडाळीची टोकं सरळ एकमेकांना जोडून टाकतो, म्हणजे चक्क शॉर्ट करतो, आणि तेही सेकंदाला शेकडो वेळा. घरात शॉर्ट झालं तर धूर निघतो. इथे दिवसभर शॉर्ट होत असतं आणि गुंडाळी जळत नाही. का?

माझ्या मते अख्ख्या मोटरसायकलमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. गुंडाळीतला प्रवाह बदलू लागला की गुंडाळी स्वतःच त्या बदलाला विरोध करते. त्याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. प्रवाहाची दिशा जितकी भराभर उलटसुलट होईल, तितका हा विरोध वाढतो. आता इंजिनाचा वेग दुप्पट करा. दाब दुप्पट झाला, पण दिशाही दुप्पट वेगाने उलटू लागली, म्हणून विरोधही दुप्पट झाला. प्रवाह म्हणजे दाब भागिले विरोध. वर दोन, खाली दोन, भागाकार तोच! म्हणजे एका वेगानंतर तुम्ही कितीही रेस करा, गुंडाळीतला प्रवाह वाढत नाही. गुंडाळी स्वतःच स्वतःला वाचवते.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. प्रवाहाची ही कमाल मर्यादा चुंबकाची ताकद आणि तांब्याचे वेढे ठरवतात. बॅटरीचा त्यात काही हात नाही. समजा ती मर्यादा १० अँपिअर आहे, तर १४ व्होल्टला झाले १४० वॅट, तेही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन रेस न देता मंद फिरतं तेव्हा, दाबच पुरेसा नसतो, म्हणून याच्या निम्मेही मिळत नाहीत. खर्च मात्र चालूच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही जळतो, त्याचे ३५ वॅट धरा, वर टेललाइट, पंप, ठिणगी. त्यात ४० वॅटचे फॉग लाइट आले की रांगेत उभ्या गाडीचा खर्च कमाईपुढे जातो आणि फरक बॅटरीतून वसूल होतो. तीन अँपिअरची तूट असेल तर ५ अँपिअर-तासांची (म्हणजे १ अँपिअर पाच तास देणारी) बॅटरी जेमतेम दीड तास टिकेल. ९ची घातली तर तीन तास. पण ती परत भरायची कोणी? त्याच मॅग्नेटने.

भाच्याची गाडी आम्ही अंगणात लावून मीटरने मोजली. आयडलवर बॅटरीच्या टोकांना १३.९ व्होल्ट. फॉग लाइटचं बटण दाबलं, तसा आकडा घसरत १२.४वर आला आणि अजून खालीच जात होता. रेस वाढवून मिनिटाला ४००० फेऱ्यांवर नेली तर पुन्हा १३.६. दहा मिनिटांचं काम, पण दिवे बसवताना कोणी केलं नव्हतं. त्याआधी दोनदा फ्यूज उडाला तेव्हा हँडलला लिंबू-मिरची बांधली गेली होती. बाजारात 'करंट वाढवणारी' छोटी डबीही मिळते. लिंबाने तूट भरत नाही आणि डबीनेही नाही, कारण दोन्हींत चुंबक फिरत नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीवर रात्री दोन पोरं उभी असतात, म्हणून हे मी कळकळीने सांगतो.

जोडणीचं थोडक्यात. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. दिव्यांना वीज रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, द्या आणि रिलेचं कॉइल टेललाइटच्या वायरने चालवा. म्हणजे चावी काढली की सगळं बंद, आणि हँडलच्या नाजूक बटणावरून मोठा प्रवाह जात नाही. चार्जर थेट बॅटरीला जोडला तर मोबाईल नसतानाही तो थोडी वीज खातो. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास, दहा दिवसांत ५ची बॅटरी साफ. वायर पिळून काळी टेप गुंडाळू नका, खानापूरकडच्या पावसात ती टिकत नाही. आणि वायर बारीक नको: अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन चार मीटर फेरा असेल, तर ५ अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात.

भाच्याने बॅटरी तीच ठेवली. दोन दिव्यांना दोन वेगळी बटणं केली आणि हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावला. परवा जांबोटीच्या पुढे ट्रकमागे अडकला तेव्हा मीटरवर १२.५ दिसले. त्याने एक दिवा बंद केला, आकडा १३.१वर येऊन थांबला.