काचेतल्या बाळाला 'सलाईन' चालू आहे की टीपीएन?

बाळाला काचेत ठेवलं आणि हाताला नळी दिसली की गावाकडे फोन जातो, "सलाईन लावलंय". नळीतून जे जातं ते सगळं सलाईनच, आणि मग बिलात टीपीएन (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, म्हणजे शिरेतून दिलेलं पूर्ण पोषण) असं वेगळं दिसलं की "सलाईनचे एवढे पैसे?" म्हणून काउंटरवर वाद. वादात पडण्याआधी या दोन्हींत फरक काय ते बघू.

खरं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, कॅलरी शून्य. नवजात बाळाला सुरुवातीला लावतात ते बहुतेक वेळा १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी. शुगर खाली जाऊन मेंदूला धक्का बसू नये म्हणून ते लागतंच, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण हिशोब करून बघा, १ किलोच्या बाळाला दिवसभरात ८० मिली दिलं तर साखर ८ ग्रॅम, कॅलरी जेमतेम २७, आणि वाढ सोडा, नुसतं आहे तसं राहायलाच त्याला ४५ ते ५५ लागतात. प्रोटीन तर अजिबात नाही. मग बाळ स्वतःचेच स्नायू मोडतं, रोज किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रोटीन असंच जातं, आणि सातव्या महिन्यात झालेल्या बाळाच्या अंगावर चरबीही नसते कारण ती साठते शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे साखरपाणी चालू असूनही बाळ उपाशीच!

टीपीएन म्हणजे पोटाला वगळून थेट रक्तात दिलेलं जेवण. डेक्स्ट्रोज त्यातही असतं, पण सोबत प्रोटीन ज्यांचं बनतं ती अमिनो अ‍ॅसिड, कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, व्हिटॅमिन्स आणि वेगळ्या सिरिंजमधून पांढरंशुभ्र लिपिड. ते बघून एखादी आजी हमखास विचारते, "शिरेतून दूध चढवताय का?" नाही आजी, दूध शिरेत कधीच देत नाहीत, ते तेल आहे, बऱ्याचदा सोयाबीनचं, अंड्यातल्या फॉस्फोलिपिडने पाण्यात एकजीव केलेलं.

पूर्वी डॉक्टर दोनतीन दिवस थांबायचे, बाळाला झेपेल का म्हणून. आता १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला अमिनो अ‍ॅसिड पहिल्या काही तासांतच सुरू करतात, पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम तरी आणि मग वाढवत अडीच-साडेतीनपर्यंत. कारण साधं आहे, वारेतून बाळाला हे सगळं मिळतच होतं, नाळ कापली त्या मिनिटाला पुरवठा बंद झाला, मग तीन दिवस वाट कसली बघायची?

साखरपाणी हाताच्या बारीक शिरेतून चालतं. पूर्ण ताकदीचं टीपीएन घट्ट असतं, शीर जाळतं, म्हणून बेंबीतून किंवा हातापायातून आत मोठ्या शिरेपर्यंत लाईन, म्हणजे बारीक नळी, टाकतात, आणि खरी भीती तिथेच आहे. लाईनमधून इन्फेक्शन होऊ शकतं, जास्त दिवस चाललं तर पित्त साचून कावीळ होते, शुगर वाढते, म्हणून सिस्टर सारखं रक्त घेतात, त्यांच्यावर चिडू नका. आणि पावणेदोन-दोन किलोचं, दूध पचवणारं बाळ असेल तर टीपीएनची गरज बहुतेक नसतेच, शेजारच्या पेटीतल्या बाळाला लावलं म्हणून आपल्यालाही लावा असा हट्ट नको.

टीपीएन चालू आहे म्हणून आईने निवांत राहायचं नाही, उलट पहिल्या दिवसापासून दूध काढायचं. चिकाचे थेंब नळीने पोटात जातात, नाहीतर रिकामं आतडं आळसावतं. आईचं येत नसेल तर दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध देणारी मिल्क बँक आहे, मुंबईत सायन हॉस्पिटलची तर १९८९ पासूनची. दूध जसं वाढेल तसं टीपीएन कमी करत नेतात आणि किलोमागे १२० मिलीच्या आसपास पचायला लागलं की लाईन काढून टाकतात.