होलेरिथचं जनगणना यंत्र: मोजणी झटपट, वेळ जायचा भोकं पाडण्यात

अमेरिकेच्या १८८०च्या जनगणनेचे तक्ते हाताने तयार करण्यात सात-आठ वर्षं गेली. जनगणना खात्यात काम केलेल्या हर्मन होलेरिथ या तरुण इंजिनिअरने हे काम विजेवर करायचं ठरवलं. सुरुवातीला त्याने कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून पाहिली. पण मूठभर लोकांचीच माहिती हवी असली तरी अख्खी पट्टी यंत्रातून ओढावी लागे. मग त्याने माणसागणिक एक सुटं कार्ड केलं. रेल्वेचे कंडक्टर प्रवाशाच्या केसांचा, डोळ्यांचा रंग तिकिटावर भोकं पाडून नोंदवत, ते त्याने पाहिलं होतं.

१८९०च्या कार्डावर भोकांसाठी २८८ जागा होत्या. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय अशा प्रत्येक नोंदीची जागा ठरलेली. एक कोपरा तिरका कापलेला, म्हणजे गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं गेलं तर लगेच दिसे.

मोजणीसाठी कार्ड दाबयंत्रात ठेवून वरचा दांडा खाली ओढायचा. दांड्याखालच्या पट्टीला स्प्रिंगवरच्या बारीक पिना. कार्ड कोरं असेल तिथे पीन आत दबते. भोक असेल तिथे ती आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडते आणि विजेचं मंडल पूर्ण होतं. विद्युतचुंबक समोरच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकवतो. अशा ४० तबकड्या, प्रत्येक ९,९९९ पर्यंत मोजणारी. ‘गोरी, विवाहित, स्त्री’ असा एकत्रित आकडा हवा असेल तर त्या पिनांच्या तारा रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांमधून जोडायच्या. त्याच वेळी शेजारच्या पेटीतल्या योग्य खणाचं झाकण आपोआप उघडे. कार्ड मात्र हातानेच टाकावं लागे.

खरी हुशारी घंटीत होती. कार्ड नीट वाचलं गेलं तरच ती वाजे. आवश्यक भोक राहून गेलं असेल किंवा दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड घुसलं असेल तर घंटी गप्प. ते कार्ड बाजूला काढून मूळ कागदाशी ताडून पाहायचं. झपाट्याने चालणाऱ्या मोजणीत चूक जिथल्या तिथे पकडणं वेगाहून मोलाचं.

१८८९मध्ये तीन पद्धतींची चाचणी झाली. सेंट लुईसमधल्या एका भागाच्या नोंदी तिन्ही पद्धतींना दिल्या. होलेरिथच्या पद्धतीत मोजणी साडेपाच तासांत उरकली, इतर दोघींना ४४ ते ५५ तास लागले. पण त्याआधी कार्डांवर माहिती चढवण्यातच ७२ तास गेले होते! अर्थात तिथेही इतर दोन पद्धती शंभराच्या पुढे गेल्या. भोकं पाडण्यातला वेळ वाचावा म्हणून जिल्ह्याच्या क्रमांकासारखी सामाईक भोकं अनेक कार्डांत एकदम पाडली जात. बाकीची एकेक करून पँटोग्राफने, म्हणजे नमुन्यावर टोक ठेवलं की कार्डावर त्याच जागी भोक पाडणाऱ्या यंत्राने.

१८९६मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. यंत्रं विकण्याऐवजी तो भाड्याने देई. भाड्यावरून पुढे त्याचं जनगणना खात्याशी बिनसलं, आणि १९१०च्या जनगणनेसाठी खात्याने आपली वेगळी यंत्रं बनवून घेतली. १९११मध्ये होलेरिथची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. त्या एकत्रित कंपनीने १९२४मध्ये आयबीएम हे नाव घेतलं.