गादीवर गादी: नांगरटीचा ट्रॅक्टर आणि कमरेचा मणका

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात नांगरटीची घाई सुरू होते. कापसाच्या पऱ्हाट्या निघालेल्या असतात, काळी जमीन तापून भेगाळलेली असते आणि नांगराच्या फाळाखालून डोक्याएवढी ढेकळं वर येतात. या दिवसांत बांधावर उभ्या असलेल्या एखाद्या ट्रॅक्टरची सीट जवळून पाहा. मूळ रेक्झिनवर जुन्या सोफ्याच्या फोमचा तुकडा, त्यावर गोधडीची घडी, वर रिकामं पोतं. कमरेला धक्के बसू नयेत म्हणून केलेली ही सोय. बुडाला ती मऊ लागते यात वाद नाही, पण कमरेचा त्रास ती बहुतेक वेळा वाढवतेच.

असं का, ते आखाजीच्या झोक्यावरून कळतं. लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका हात लावला तरी झोका उंच जातो आणि लय चुकवून जोर लावला तर तो जागीच अडखळतो. स्प्रिंगसारख्या प्रत्येक वस्तूची अशी एक लय असते आणि बसलेल्या माणसाचा पाठकणाही त्याला अपवाद नाही. खालून वर येणारी कंपनं सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा आली, म्हणजे ४ ते ६ हर्ट्झची असली, की कमरेचा भाग सर्वांत जास्त हिंदकळतो. सीटवरचा धक्का कण्यात शिरताना लहान होण्याऐवजी मोठा होतो.

आता ट्रॅक्टर. त्याच्या मागच्या ॲक्सलला जीपसारखे स्प्रिंगचे पाटे नसतात. टायरमधली हवा हीच त्याची स्प्रिंग, आणि तिच्यावर ट्रॅक्टर ३ ते ५ हर्ट्झच्या आसपास उसळतो. त्यावर फोमची जाड गादी टाकून माणूस बसला की त्या गादीची लयही ४ हर्ट्झच्या जवळपास येते. टायर, गादी आणि कणा हे तिघे एका सुरात आले की झोक्याला वेळेवर हात लागलाच म्हणून समजा. स्प्रिंगचा नियम साधा आहे: येणाऱ्या कंपनाचा वेग स्प्रिंगच्या स्वतःच्या लयीच्या सुमारे १.४ पटींहून जास्त असेल तरच ती धक्का कमी करते, त्याखाली वाढवते. चांगली सस्पेन्शन सीट, म्हणजे खाली स्वतःची स्प्रिंग असलेली सीट, दीड-दोन हर्ट्झवर डुलते, म्हणून तीनच्या वरची कंपनं तिच्यात जिरतात. चार हर्ट्झची गादी नेमकी ती जिरवू शकत नाही.

वेगाचं गणितही याच चालीवर जातं. ट्रॅक्टर नांगरलेल्या रानात ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १.४ मीटरने चालला आहे आणि सऱ्या दर ३० सेंटिमीटरवर आहेत असं धरा. सऱ्या आडव्या कापत गेलात तर सेकंदाला साडेचारच्या वर धक्के बसतील. रिकामी ट्रॉली घेऊन गाडरस्त्याने ताशी १८ च्या वेगाने निघालात आणि खाचा मीटरभर अंतरावर असल्या, तर बरोबर ५ धक्के. दोन्हीकडे मणक्याची लय सापडते. बैलगाडी त्याच खाचांतून जायची, तिला तर कसलीच स्प्रिंग नव्हती, पण बैलांच्या चालीने सेकंदाला एखादाच धक्का बसायचा. म्हणून रोटाव्हेटर किंवा वखर शक्य तिथे सऱ्यांना तिरपा घाला आणि ट्रॅक्टर एका लयीत उसळू लागला की लगेच एक गिअर खाली घ्या. उसळी कमी झाल्याचं पाचदहा मीटरांत कळतं.

मणक्याच्या आतल्या गादीकडे वळू. दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, तिला मोठेपणी रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषण झिरपून येतं आणि झिरपायला दाब आलटून पालटून कमीजास्त व्हावा लागतो. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी निघून जातं. संध्याकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने कमी भरते ती यामुळेच. रात्री आडवं झालं की गादी पुन्हा फुगते. सकाळी ती इतकी टम्म असते की उठल्यावर पहिल्या तासाभरात कमरेत वाकण्याचा ताण दुपारपेक्षा जास्त पडतो. तेव्हा पहाटे उठल्याउठल्या वाकून नांगर जोडण्याची, पिन बसवण्याची घाई नको. आधी गुरांचं चारापाणी, चहा, थोडं चालणं, मग जोडणी.

सीट नीट लावायला १० मिनिटं पुरतात, पण बहुतेक ठिकाणी ती ट्रॅक्टर घेतल्यापासून कुणी हलवलेलीच नसते. सस्पेन्शन सीटला वजनाप्रमाणे फिरवायची मूठ किंवा नॉब असतो. मालक ९० किलोचे, सालदार ५५ किलोचा आणि नॉब मालकांच्या मापाला लावलेला. मग सालदार बसला तरी सीट खाली दबतच नाही, ती वरच्या टोकाला टेकलेली राहते आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. उलट झालं तर भारी माणूस बसताच सीट तळाला जाते आणि प्रत्येक खाचेला खडकन आपटते. हे आपटणं सर्वांत वाईट. एक मोठा दणका कण्याला पुष्कळ बारीक कंपनांपेक्षा महागात पडतो.

तपासायचं कसं? रिकामी सीट जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. मग पूर्ण दाबून मोजा. समजा फरक १० सेंटिमीटर आला. चालवणारा पाय ठेवून नेहमीसारखा बसल्यावर सीट त्यातली निम्मी, म्हणजे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. तसं होईपर्यंत नॉब फिरवा. नंतर हाताने सीट दाबून एकदम सोडा. एखादा हेलकावा घेऊन थांबली तर डँपर, म्हणजे स्प्रिंगची उसळी थांबवणारा भाग, ठीक आहे. तीनचार वेळा डुलली तर डँपर गेला, तो बदलावाच लागेल, कारण डँपरशिवाय स्प्रिंग म्हणजे नुसता उंडारलेला झोका. सीट दाबली जातच नसेल तर खालच्या कैचीत माती आणि जुनं ग्रीस घट्ट बसलेलं असतं. आपल्याकडच्या बारीक काळ्या धुळीत हे हमखास होतं. डिझेलने धुऊन, पुसून नवं ग्रीस भरलं की अडकलेली सीट पुन्हा हलू लागते. एवढं झाल्यावर फोम आणि गोधडी उतरवा. सीट तापते म्हणून काही घालायचंच असेल तर पोत्याची एक पातळ घडी पुरे.

पुढेमागेही पाहा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्याला थोडा बाक उरला पाहिजे. सीट फार मागे असेल तर क्लच दाबताना दर वेळी बूड पुढे घसरतं, कंबर गोल होते आणि दिवसात शेकडो वेळा होते. सीटची पाठ आणि कंबर यांच्यात पोकळी राहत असेल तर गळ्यातला रुमाल गुंडाळून मनगटाएवढी वळकटी करा आणि पट्ट्याच्या जरा वर, पाठीमागे ठेवा. मऊपणा हवा तो इथे, बुडाखाली नव्हे.

टायरच्या हवेकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. रावेर-सावद्याकडे केळीची ट्रॉली ओढताना मागचे टायर कडक भरले जातात, आणि तेच टायर दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपले जातात. शेतात लागणारा दाब रस्त्यापेक्षा बराच कमी असतो. मागच्या टायरला बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये तो १२ ते १४ पीएसआयच्या आसपास येतो, पण नेमका आकडा पुस्तिकेत आपल्या टायरच्या मापासमोर पाहावा. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजायचा. हवा १० अंशांनी तापली की या दाबाच्या टायरमध्ये साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी मोजून हवा सोडली तर सकाळी टायर बसकं दिसेल. भरली ट्रॉली जोडण्याआधी हवा पुन्हा वाढवायला विसरू नका, नाहीतर कमरेऐवजी टायरची बगल फाटेल.

किती तास चालवावं याला एक मोजमाप आहे. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार सीटवरची कंपनं ८ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोचली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. शेतकामात ट्रॅक्टरच्या सीटवर अर्ध्यापासून एकपर्यंत आकडे सहज येतात. सीटवर १ असेल तर उपायाची पातळी २ तासांत गाठली जाते. तीच कंपनं निम्मी केली तर ८ तास मिळतात, दुप्पट नव्हे, चौपट. सीट आणि हवा यांवर एवढं लिहिण्याचं कारण हेच.

नांगरटीत आणखी एक गोष्ट कमरेवर येते: मागे वळून पाहणं. लिफ्टचा लिव्हर बहुधा उजव्या हाताला असतो, त्यामुळे दिवसभर पीळ उजवीकडेच पडतो. मडगार्डवर दोन्ही बाजूंना मोठे आरसे बसवले तर बरंचसं वळणं वाचतं. वळायचंच तेव्हा डावा पाय थोडा पुढे सरकवून बुडासकट वळा, नुसत्या कमरेतून पिळू नका. अधूनमधून डावीकडूनही पाहा.

आणि मग येतो तो क्षण, जेव्हा प्रत्यक्षात उसण भरते. दोन तास गोल कंबर करून बसलेला माणूस ट्रॅक्टरवरून उडी मारतो, बांधावरची युरियाची गोणी उचलतो आणि तिथेच कंबर धरतो. दोष सगळा गोणीचा नसतो. वीसेक मिनिटं पूर्ण वाकून बसलं तरी मणक्यांचे अस्थिबंध ताणून सैल होतात. उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत हा सैलपणा अर्धाअधिक ओसरतो, उरलेला अर्धा तासही टिकतो. तेवढ्या वेळात कणा बेसावध असतो. वजनाचं बोलायचं तर, जर्मनीतल्या उल्म शहरात १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजमाप झालं होतं. नुसतं उभं असताना दाब ५ बार, म्हणजे कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. २० किलो वजन गुडघे वाकवून उचलताना १७ बार, तेच कमरेत वाकून उचलताना २३ बार. आपली युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० ची आहे.

तेव्हा उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे, दोन्ही हातांनी धरून, एकेक पाय टेकवत उतरा. शेताला एक फेरी मारा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाचसहा वेळा हलकं मागे झुका, आणि गोणीला पाचदहा मिनिटांनी हात लावा, तोही दोघांनी मिळून. दर ४५ मिनिटांनी इंजिन बंद करून असं उतरलात तर उत्तम. डिझेल जळत नाही आणि इंजिनही जरा निवतं.

मोटरसायकलवाल्यांसाठी थोडक्यात. काश्मीरमध्ये गुलमर्गला बर्फावर स्नोमोबाईल चालवणारे उंचवटा आला की सीटवरून किंचित उठतात आणि गुडघ्यांत वाकून धक्का पायांवर घेतात. शेतरस्त्यावर मोटरसायकलने हेच करता येतं: फूटरेस्टवर जोर, बूड सीटपासून दोन बोटं वर, गुडघे सैल, वेग कमी. मांडीची जाड हाडं आणि स्नायू यांच्याइतकी चांगली स्प्रिंग बाजारात मिळत नाही. ट्रॅक्टरवर मात्र हा प्रयोग नको. तोल गेला तर चाक आणि फिरणारा पीटीओ (अवजाराला फिरवणारा मागचा दांडा) जवळच असतो.

कंबर धरलीच तर काय? दिवसरात्र अंथरुणावर पडून राहिल्याने बरं व्हायला उशीर लागतो. सोसेल तेवढं चालत राहा, शेक घ्या. कमरेचा पट्टा बांधल्याने आधार वाटतो, पण तो कंपनं अडवत नाही. सर्वांत जपायचं ते गोळ्यांपासून. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक घेऊन ४४ अंशांच्या उन्हात, अपुऱ्या पाण्यावर काम केलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा पित्ताचा अल्सर असलेल्यांनी तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. कमरेखाली जाणाऱ्या नसांचा जुडगा दाबला गेला असेल तर ऑपरेशनला लागलेला उशीर पुढे भरून निघत नाही. ताप, घटणारं वजन, पडल्यानंतरचं दुखणं किंवा झोपेतही न थांबणारी कळ असेल तरी डॉक्टरांना दाखवा.

एरवी ‘मणक्यात गॅप आला’ हे ऐकून हातपाय गाळू नयेत. कंबर दुखत नसलेल्या हजारो लोकांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली दिसली, दुखणं काहीच नसताना. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत सुधारते. परत ट्रॅक्टरवर बसताना आधी सपाट रानातलं हलकं काम घ्या, अर्धा तास चालवून १० मिनिटं चाला, आणि त्रास नसेल तर दर दोनतीन दिवसांनी वेळ वाढवा. नांगर आणि रिकाम्या ट्रॉलीच्या खेपा सर्वांत शेवटी. सोबत रोज ओट्यावर चटई टाकून रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवा, ८ ते १० सेकंद धरा, मग बाजू बदला, दोन्हीकडे सहासहा वेळा. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे आणि तो सांडू द्यायचा नाही, असं समजून करा.