कॉक्लिअर इम्प्लांट : स्कॅनवरून इलेक्ट्रोडची निवड

अंतर्कर्णातील कॉक्लिया हा अवयव शंखासारखा असतो. कोकणच्या पुळणीवर सापडणारा चिमुकला, टोकदार शंख डोळ्यांसमोर आणला तर त्याची रचना कळते : वेढे अडीच ते पावणेतीन, बुडाशी उंच स्वर आणि शेंड्याकडे खर्ज. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये या वेढ्यांत इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवून श्रवणतंत्रिकेला थेट विद्युत्संकेत देतात. तार किती लांब घ्यायची हे स्कॅनवरून ठरवता येते.

कारण कॉक्लियाची ही वेटोळी नळी प्रत्येकाची वेगळी. ती साधारण 32 मिमीच्या आसपास असली, तरी माणसागणिक काही मिमींचा फरक पडतो. तारा सुमारे 15 मिमीपासून 30 मिमीहून लांब अशा मिळतात. सीटी स्कॅनवर गोल गवाक्षापासून (कॉक्लियाच्या बुडाशी असलेली पडद्याची खिडकी) मध्यस्तंभ (वेढ्यांच्या मधला हाडाचा खांब) ओलांडून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजतात. हे ‘ए’ माप, सुमारे 9 मिमी. त्याची जवळपास चौपट करून त्यातून काही मिमी वजा केले की नळीची लांबी मिळते, म्हणजे मोजण्यात अर्धा मिमी चुकला की लांबीत दोन मिमीची चूक. म्हणून स्कॅनचे काप पातळ हवेत. देवगड किंवा गुहागरहून मुलाला मुंबईला नेताना आईवडील स्कॅनची फिल्म जपून आणतात. मोजमापासाठी खरी उपयोगाची असते ती मूळ स्कॅनची सीडी. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असल्याने वर्षाच्या बाळाचे माप पुढेही तेच राहते.

खर्जाचे थोडे ऐकू येत असेल, तर ते टिकावे म्हणून पुष्कळदा आखूड, मऊ तार पसंत करतात. ऐकणे उरलेलेच नसेल, तर लांब तार शेंड्याच्या अधिक जवळ पोहोचते. यांतले बरे कोणते, यावर शल्यचिकित्सकांचे एकमत नाही.

तंत्रिका आहे की नाही, हे सीटीपेक्षा एमआरआयवर नीट दिसते. ती नसेलच तर तारेच्या लांबीचा प्रश्न उरत नाही. मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणांचा दाह) कधीकधी नळीत हाड भरू लागते. तिथे घाई करावी लागते, आणि वाट बुजत चालली असेल तर आखूड तार वापरतात. कॉक्लियाचे वेढे अर्धवट राहण्याचा दोष कार्लो मोंदिनी यांनी 1791 मध्ये वर्णन केला. अशा काही कानांत छिद्र पाडताच मेंदूभोवतीचे पाणी उसळून येते. त्यांच्यासाठी बुडाशी बुचासारखा जाड भाग असलेली तार मिळते. वेढेच नसलेल्या एकसंध पोकळीत तंत्रिकेचे धागे भिंतीत असतात, म्हणून मध्यस्तंभाला बिलगणारी तार तिथे कामाची नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक्स-रे काढून तारेचे टोक दुमडलेले नाही ना, हेही पाहता येते.