हवा उतरली की ट्रक जागीच का जखडतो?

चिरे भरून आंबा घाट चढायला निघालेला ट्रक सकाळी घाटाच्या पायथ्याशी साखरप्यात जागचा हलत नाही. इंजिन चालू आहे, पार्किंगचा व्हॉल्व्ह सोडलेला आहे, गिअरही पडतो, पण मागची चाकं जाम. हवेच्या दाबाचा काटा चार बारच्या खाली रेंगाळतोय. ड्रायव्हर ब्रेकला शिव्या घालतो. वास्तविक ब्रेकनं त्याचं काम चोख केलेलं असतं, गडबड हवेची असते. हवा कमी झाली की ब्रेक सुटायच्या ऐवजी लागावा, ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि ती ट्रकमध्ये यायला बराच काळ लागला.

सुरुवात रेल्वेत झाली. 1863 मध्ये भोर घाटातून गाड्या सुरू झाल्या तेव्हा उतारावर गाडी आवरायला हातानं फिरवायचे ब्रेक आणि ते फिरवणारी माणसं, एवढाच आधार होता. 1869 मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनवरची हवा नळीतून डब्यांना जायची आणि ब्रेक दाबायची. नळी तुटली की सगळी गाडी ब्रेकविना. मग 1872 मध्ये त्यानंच गणित उलटं केलं. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची, आणि नळीतला दाब पडला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा त्या डब्याचे ब्रेक लावेल. गाडी मधेच तुटली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबणार.

ट्रक बनवणाऱ्यांनी हवा घेतली, हा शहाणपणा मात्र लगेच घेतला नाही. कितीतरी वर्षं ट्रकमध्ये हवा फक्त ब्रेक दाबायला वापरली जायची, आणि पार्किंगसाठी दात्यांचा दांडा आणि केबल वेगळी. भारतात 1954 मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझ बनवणाऱ्या डेमलर-बेंझशी ट्रकसाठी करार केला आणि 1955 मध्ये ब्रिटनच्या लेलँडनं अशोक मोटर्समध्ये भागीदारी घेतली. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत पायाखाली तेलाचा ब्रेक आणि त्याला हवेची मदत, अशी जोडगोळी असे. घाटात उभं राहायचं तर दांडा ओढून वर क्लीनरनं चाकाला दगड लावायचा. उतारावर सारखं पेडल मारून हवा संपवली, तर त्या दांड्यावर भरलेला ट्रक आवरेल अशी आशा कुणी धरत नसे. 1962 मध्ये मद्रासजवळ पाडीला सुंदरम-क्लेटननं ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंद्रेशी हातमिळवणी करून एअर ब्रेकचे भाग बनवायला घेतले आणि हे सामान देशात मिळू लागलं.

खरा बदल स्प्रिंग ब्रेकनं केला. मेकॅनिक ज्याला स्प्रिंग बूस्टर म्हणतात, त्या डब्यात एक जाडजूड स्प्रिंग कोंबलेली असते आणि तिचा जोर शेकडो किलोंचा. हवा तिला मागे रेटून धरते. हवा सोडली किंवा गळाली की स्प्रिंग पुढे येते आणि ब्रेक आवळते. म्हणजे वेस्टिंगहाउसचा 1872 चा विचार, फक्त राखीव टाकीच्या जागी पोलाद. अमेरिकेत 1975 पासून हवेच्या ब्रेकच्या नव्या अवजड वाहनांसाठी केंद्रीय मानक लागू झालं, त्यानंतर ही पद्धत पक्की रुळली. आपल्याकडे ती पूर्ण एअर ब्रेकच्या गाड्यांबरोबर पसरली.

तपासाची दिशाही यातूनच ठरते. पहिला प्रश्न बूस्टरचा नसून हवा बनते का हा. काटा चढतच नसेल तर हवा दाबणारा कॉम्प्रेसर, त्याची काजळीनं भरलेली डिलिव्हरी पाइप, टाकी भरल्यावर जादा हवा सोडणारा अनलोडर, किंवा हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरखाली उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह. या शेवटच्याची ओळख सोपी, ड्रायरच्या तळातून फुसफुस थांबतच नाही. रात्री भरलेली टाकी सकाळी रिकामी सापडत असेल तर गळती शोधायची, साबणाचं पाणी घेऊन.

खरा घोळ तिसऱ्या प्रकारात होतो. दोन्ही काटे आठ बारवर, कमी दाबाचा बझर बंद, तरी चाकं जाम. डॅशबोर्डवरचे काटे सहसा पायाच्या ब्रेकच्या दोन सर्किटांचे, म्हणजे हवेच्या स्वतंत्र वाटांचे असतात, पार्किंगच्या सर्किटाला बहुतेक गाड्यांत वेगळा काटाच नसतो. हवा वाटून देणारा चार सर्किटांचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आधी पायाच्या ब्रेकला हवा देतो, मग पार्किंगला. हेही बरोबरच, कारण थांबवायची सोय नसलेली गाडी सुटायला नको. तेव्हा पार्किंगच्या लाइनला टेस्ट गेज लावल्याशिवाय बोलायचं नाही. तिथे हवा कमी असेल तर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, हँड व्हॉल्व्ह (ड्रायव्हरच्या हातातला पार्किंगचा) आणि बूस्टरला हवा पोचवणारा रिले व्हॉल्व्ह याच क्रमानं जावं. पार्किंग सोडल्यावर बूस्टरमधून फुसफुस सुरू होते आणि लावल्यावर थांबते, तर गळती स्प्रिंगच्या बाजूची. पायाचा ब्रेक दाबल्यावरच आवाज येत असेल तर पुढचा डायफ्रॅम, म्हणजे पायाच्या ब्रेकच्या बाजूचा रबरी पडदा, फाटलाय. न बघता दोन्ही बूस्टर बदलून बिल लावणारे रस्त्यावर कमी नाहीत.

कोकणात यात पाण्याची भर पडते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वारा खारा. कॉम्प्रेसर तीच दमट हवा ओढतो, दाबलेली हवा टाकीत थंड झाली की पाणी सुटतं. ड्रायरचं काडतूस संपलेल्या गाडीची टाकी आषाढात ड्रेन करून पाहा. आधी गढूळ पाणी, मग तेल मिसळलेला दुधट तपकिरी चिखल, शेवटी गंजाचे कण. तोच चिखल व्हॉल्व्हच्या रबरांवर बसतो आणि ती अडकतात. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या पावसाळी दुरुस्त्यांतला मोठा हिस्सा या चिखलाचा असावा, असं माझं मत.

अडलेली गाडी हलवायला बूस्टरच्या मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधता येते, म्हणजे हवेविना मागे दाबून धरता येते. त्याआधी चाकांना दगड किंवा ठोकळे लावायचेच, आणि बूस्टरचा स्प्रिंगचा भाग रस्त्यावर उघडायचा नाही. ती स्प्रिंग सुटून माणसं मेली आहेत. बोल्टवर बांधलेल्या चाकांना पार्किंग ब्रेक उरत नाही आणि हवा गेल्यावर आवळणारं काहीच राहत नाही. असा ट्रक स्वतःच्या बळावर घाटात घालू नये, सपाटीपर्यंत टोचन करून न्यावा.