सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज

अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील सिनसिनाटी शहराचा एकोणिसाव्या शतकातील बेसबॉल संघ. सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ म्हणून त्याची ख्याती आहे. असा पगारी संघ म्हणून तो १८६९ व १८७० हे दोनच हंगाम खेळला. गुडघ्यापर्यंतची विजार आणि त्याखाली लाल लोकरी मोजे या वेशावरून त्याला हे नाव पडले.

संघामागील क्लब १८६६ मध्ये हौशी मंडळींनी स्थापन केला. त्याला आकार दिला तो हॅरी राइट (१८३५–९५) याने. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जन्मलेला राइट मूळचा क्रिकेटपटू. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी व्यावसायिक होते आणि तो स्वतः १८६५ मध्ये क्रिकेटसाठीच सिनसिनाटीला आला होता. खेळासाठी वेतन घेणे क्रिकेटमध्ये रूढ होते, बेसबॉलमध्ये मात्र निषिद्ध होते. या संघाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दुर्लक्षून चालत नाही.

‘पहिला’ या विशेषणाबद्दल मात्र सावधगिरी हवी. १८५७ पासूनच्या बेसबॉल खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेने मोबदल्यावर बंदी घातली असली, तरी ती फारशी पाळली जात नसे. ब्रुकलिनच्या एक्सेलसियर क्लबचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जिम क्रेटन याला १८६० च्या सुमारास गुपचूप पैसे मिळत असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक क्लबमधील अल रीच याचेही नाव याच संदर्भात घेतले जाते. तिकिटविक्रीतील हिस्सा किंवा नावापुरती नोकरी हे मार्ग तर सर्रास होते. संघटनेने १८६८ च्या डिसेंबरमध्ये व्यावसायिक वर्गाला मान्यता दिल्यावर सुमारे डझनभर क्लब त्यात आले. सिनसिनाटी त्यांपैकी एक. त्यामुळे ‘पहिला व्यावसायिक संघ’ म्हणण्यापेक्षा ‘संपूर्ण हंगामाच्या ठरावीक पगारावर बांधलेला पहिला संघ’ असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

प्रचलित नोंदींनुसार दहा खेळाडूंवर हंगामाला ९,३०० डॉलर खर्च होत. हॅरीचा धाकटा भाऊ, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइट याला सर्वाधिक १,४०० डॉलर, तर व्यवस्थापन सांभाळून सेंटरफील्डला (मैदानाच्या मधल्या बाह्यभागात) खेळणाऱ्या हॅरीला १,२०० डॉलर मिळत. खुद्द सिनसिनाटीचा खेळाडू चार्ली गूल्ड हा एकटाच. बाकीचे बाहेरून आणलेले.

१८६९ मध्ये संघटनेच्या क्लबांविरुद्ध संघ अपराजित राहिला. विजयांची संख्या सामान्यतः ५७ दिली जाते. २६ ऑगस्ट रोजी ट्रॉयच्या हेमेकर्स संघाशी सामना १७–१७ असताना प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडले. पंचाने निकाल सिनसिनाटीला दिला. तरी काही ग्रंथकार तो सामना बरोबरीत धरून ५६ विजय व एक बरोबरी असे मोजतात. किरकोळ संघांविरुद्धचे सामने धरल्यास संख्या आणखी वाढते. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमुळे संघाला सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियापर्यंत जाता आले.

ही अपराजित मालिका १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर संपली. ठरावीक नऊ डावांअखेर ५–५ अशी बरोबरी होती आणि यजमान ॲटलांटिक्स संघ तीवर समाधान मानायला तयार होते. सिनसिनाटीने खेळ पुढे नेण्याचा आग्रह धरला आणि अकराव्या डावात ८–७ असा सामना गमावला. त्यानंतर आणखी काही पराभव झाले, प्रेक्षक रोडावले. खेळाडूंच्या पगाराची मागणी वाढत असताना क्लबच्या चालकांनी १८७१ साठी पगारी संघ न ठेवण्याचे ठरवले.

संघ दोन दिशांना फुटला. राइट बंधू, गूल्ड व कॅल मॅकव्हे बॉस्टनला गेले, तर पिचर एसा ब्रेनर्डसह इतर अनेक जण वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक्स संघात दाखल झाले. बॉस्टनच्या नव्या संघाने नावही रेड स्टॉकिंग्ज हेच घेतले आणि १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली.

यातूनच वारशाचा वाद निर्माण झाला. बॉस्टनचा तो संघ १८७६ मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक संघांच्या स्पर्धासंघटनेत आला, १९५३ मध्ये मिलवॉकीला व १९६६ मध्ये अटलांटाला गेला. आजचा अटलांटा ब्रेव्हज तो हाच. सिनसिनाटीत १८७६ मध्ये वेगळा संघ उभा राहिला, पण मैदानावरील बिअरविक्री व रविवारी मैदान भाड्याने देणे यांवरून १८८० नंतर त्याला लीगबाहेर काढण्यात आले. आजच्या सिनसिनाटी रेड्सची सलग परंपरा १८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगमध्ये उतरलेल्या, आणि १८९० मध्ये नॅशनल लीगमध्ये आलेल्या तिसऱ्याच संघापासून सुरू होते. कायदेशीर अर्थाने १८६९ च्या संघाचा वारस दोघांपैकी कोणीच नाही. व्यवस्थापक, खेळाडू व नाव यांचा धागा बॉस्टनकडे जातो आणि तो अधिक बळकट वाटतो. सिनसिनाटीकडे शहर आणि स्मृती उरते. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च संघटना असलेल्या मेजर लीगने २०१९ मध्ये व्यावसायिक बेसबॉलची १५० वर्षे साजरी केली, तीही १८६९ हेच वर्ष धरून.

जॉर्ज राइटचा १९३७ मध्ये व हॅरीचा १९५३ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत) समावेश झाला.