भिंतीवरचा कागद आणि चीनमधील विद्यार्थ्यांची लोकशाहीची मागणी

जून १९८९ मधील बीजिंगच्या तिआनानमेन चौकाचा विषय निघाला की चर्चा बहुधा रणगाड्यांपासून सुरू होते. त्या चौकात विद्यार्थी ज्या मागण्या घेऊन बसले होते, त्या मात्र त्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ त्याच शहरातील पेकिंग विद्यापीठाच्या भिंतींवर अधूनमधून उमटत आणि पुसल्या जात होत्या. खुद्द कम्युनिस्ट पक्षाचे मूळही एका विद्यार्थी आंदोलनात आहे. ४ मे १९१९ रोजी, चीनच्या शांटुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क जपानला देण्याच्या, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय परिषदेच्या निर्णयाविरुद्ध सुमारे तीन हजार विद्यार्थी तिआनानमेनसमोरच जमले होते. ‘लोकशाही’ आणि ‘विज्ञान’ या दोन महोदयांना चीनमध्ये आणा, असे आपल्या नियतकालिकातून सांगणारे चेन दुशिउ पुढे १९२१ मध्ये पक्षाचे पहिले प्रमुख झाले. सत्तेवर आल्यावर पक्षाने ४ मे हा युवक दिन ठरवला. त्यामुळे विद्यार्थ्यांचे रस्त्यावर येणेच मुळात देशद्रोही आहे, असे त्याला कधी म्हणता आले नाही; प्रत्येक वेळी नवे दूषण शोधावे लागले.

पहिले दूषण होते ‘उजवे’. पक्षावर मोकळेपणाने टीका करा, असे आवाहन माओंनीच केल्यानंतर मे १९५७ मध्ये पेकिंग विद्यापीठात मोठ्या अक्षरांतील भित्तिपत्रके लागली. सुरुवातीच्या एका पत्रकातला प्रश्न साधा होता: पक्षाच्या युवक संघाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी कोणी आणि कसे निवडले? जूनमध्ये वारे फिरले आणि देशभरात साडेपाच लाखांहून अधिक लोकांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. त्यांतच या विद्यापीठाची विद्यार्थिनी लिन झाओ होती. तुरुंगात शाई मिळेना तेव्हा तिने स्वतःच्या रक्ताने लिहिले, आणि एप्रिल १९६८ मध्ये शांघायमध्ये तिला गोळी घालण्यात आली.

गंमत अशी, की याच भित्तिपत्रकाला सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ ते ७६ च्या उलथापालथीत, माओंनी स्वतःचे हत्यार बनवले आणि १९७५ च्या राज्यघटनेत ते लावण्याचा हक्कही नोंदवला गेला. १९७८ च्या हिवाळ्यात बीजिंगच्या शिदान भागातील भिंतीवर वेई जिंगशेंग या तरुण वीजतंत्र्याने, नेते डेंग शिआओपिंग यांच्या शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञान या चार आधुनिकीकरणांना लोकशाही या पाचव्याची जोड हवी, असे लिहिले, तेव्हा घटना त्याच्या बाजूने होती. तरीही त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबर १९८० मध्ये तो हक्कच घटनेतून काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी नव्या निवडणूक कायद्याचा आधार घेऊन विद्यार्थी स्थानिक लोकप्रतिनिधी सभेच्या निवडणुकीत उतरले आणि हू पिंग हा पेकिंग विद्यापीठाचा विद्यार्थी निवडूनही आला.

डिसेंबर १९८६ मध्ये हफेई येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात भडका उडाला, तोही अशाच निवडणुकीतील उमेदवार वरून ठरवले गेल्यामुळे. लोण शांघाय आणि बीजिंगपर्यंत पोहोचले. हफेईच्या त्या विद्यापीठातील खगोलभौतिकशास्त्रज्ञ फांग लिझी यांना पक्षातून काढण्यात आले आणि विद्यार्थ्यांशी मवाळपणे वागल्याचा ठपका येऊन पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांना जानेवारी १९८७ मध्ये पद सोडावे लागले.

१५ एप्रिल १९८९ रोजी हू यांचे निधन झाले आणि श्रद्धांजलीच्या पत्रकांनी विद्यापीठातील त्रिकोणी चौकाचे फलक भरून गेले. हू यांच्या कार्याचे फेरमूल्यमापन, वृत्तपत्रस्वातंत्र्य, नेत्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या उत्पन्नाची माहिती अशा सात मागण्या पुढे आल्या. २२ एप्रिलला तीन विद्यार्थी हे निवेदन डोक्यावर धरून चौकालगतच्या ‘ग्रेट हॉल ऑफ द पीपल’ या संसदगृहाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसले. ते घ्यायला पंतप्रधान ली पेंग आले नाहीत. राज्य उलथवायला निघालेले लोक असे अर्ज घेऊन दारात बसत नाहीत, पण २६ एप्रिलच्या पक्षाच्या मुखपत्राने या आंदोलनाला ‘अराजक’ म्हटले. सांस्कृतिक क्रांतीची आठवण जागवणारा तो शब्द मागे घ्या, ही मग आंदोलनाची मुख्य मागणी बनली. तो मागे घेतला गेला नाही. १३ मे रोजी उपोषण सुरू झाले, २० मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि ३ जूनच्या रात्री सैन्य गोळीबार करत शहरात शिरले.

त्रिकोणी चौकातले ते फलक २००७ मध्ये विद्यापीठाने काढून टाकले.